शेरा

सात दिवस आधी नोटीस द्यायची, असा नियम.
मी आठव्या दिवशी पोचले तेव्हा
अंबडच्या त्या क्रोम-प्लेटिंगच्या शेडपुढे
कुंड्यांना ताजा गेरू लागला होता.
खैरनार सुपरवायझरने चहा आधी मागवला, फाइल नंतर.
फाइलीत सगळं होतं: संमतिपत्र, नूतनीकरण,
टँकरच्या पावत्या, आणि एक नकाशा,
त्यावर निळं वर्तुळ.
पर्जन्य पुनर्भरण विहीर. सहा इंची. खोली दोनशे दहा फूट.

"छतावरचं पाणी, मॅडम. सगळं जमिनीला परत."
परत हा शब्द तो असा म्हणाला
जणू उसनी साखर वाटी भरून शेजारी पोचवली.

तपासणीची सूची चार पानांची आहे.
झाकण आहे का? आहे.
गाळणथर? आहे. खडी नवी,
इतकी नवी की क्रशरची पूड अजून अंगावर.
मीटर? लागू नाही.
किती खोल जातं, याला रकाना आहे.
काय जातं, याला नाही.

माझे वडील बोअरच्या गाडीवर होते.
त्यांच्याकडून एक गोष्ट आली माझ्याकडे, हातभर आरसा.
सूचीत तो नाही.
उन्हाकडे धरला, कवडसा पाइपात सोडला,
तो उतरत गेला, मातीपर्यंत, मुरुमापर्यंत,
मग काळ्या पाषाणापर्यंत, जिथे भेगा सुरू होतात.
पाइप वरपासून ओला होता.
एप्रिलची सतरा तारीख. छतावरचे पत्रे
हात लावला तर पोळतील असे.

"परवा धुतला," खैरनार म्हणाला,
"तुम्ही येणार होतात ना."

वॉचमन पुंजाराम बेंडकुळे माझ्याकडे बघत नव्हता.
त्याच्या खुर्चीखाली पाच लिटरचा कॅन,
गिरणाऱ्याहून रोज सायकलला बांधून आणलेला.
इथे नळ आहे, कूलर आहे, कूलरवर कंपनीचं नाव आहे.
मी विचारलं, "हा कशाला?"
तो म्हणाला, "सवय."

कुंपणाच्या मागे हातपंप.
शकुंतला दोंदे तिथे कळशी घासत होत्या.
"प्यायला नाही घेत आम्ही. भांड्यांना चांगलं,
पितळ कसं लख्ख निघतं बघा."
कळशीत माझा चेहरा दिसला, पिवळा.
पितळेत सगळ्यांचाच दिसतो.
पण बाटलीत धरलं तेव्हाही पाणी
पिकल्या लिंबाच्या सालीचं होतं.

भिंतीच्या आत माझं मंडळ.
भिंतीच्या बाहेर, जमिनीखाली, दुसरं खातं.
त्यांच्याशी पत्रव्यवहार करावा, असं परिपत्रक.
खडकाला परिपत्रक गेलेलं नसावं.
मी दुसरी बाटलीही भरली, लेबल लावलं,
जागेच्या पुढे लिहिलं: भिंतीपासून चाळीस पावलं.

पंचनाम्याला दोन पंच लागतात.
शकुंतलाबाईंनी ओला हात पदराला पुसला
आणि सावकाश, पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट.
पुंजाराम म्हणाला, "माझी ड्यूटी सहाला सुटते."
होकार होता की नकार, मला कळलं नाही.
मी जोर केला नाही. त्याला उद्याही याच गेटवर बसायचंय.

नमुना चोवीस तासांत, थंड, पोचला पाहिजे.
कार्यालयाच्या पेटीतला बर्फ कधीच पाणी झालेला.
पाथर्डी फाट्याला रसवंतीवाल्याकडे मागितला.
त्याने लादीचा तुकडा गोणपाटावर फोडला,
पैसे घेतले नाहीत, फक्त विचारलं,
"मासे का, ताई?"

शेऱ्यासाठी फॉर्मवर दोन ओळी आहेत.
जीपमध्ये, गुडघ्यावर, लिहिलं:
पाइप आतून ओला. आरशाने पाहिला.
पुढे जागा उरली होती. तिथे पेन टेकवून
मी बराच वेळ बसले.
दुसऱ्या पंचाची रेघ मोकळीच होती.
सहा वाजायला अजून दीड तास.
ड्रायव्हर सोपानला म्हटलं, "गाडी वळव."
कागद उडू नये म्हणून त्यावर आरसा ठेवला.
मागे बर्फात दोन बाटल्या
एकमेकींवर आपटत राहिल्या.