मानस

आमच्या चोडणात मानस म्हणजे मन नव्हे.
बांधातलं दार. भरतीला आपसूक मिटतं,
ओहोटीला खाजनातलं पाणी सोडून देतं.
एकतीस वर्षं मी ते राखतो आहे.

श्रावणात एका रात्री छातीत दार अडकलं.
रुग्णवाहिका फेरीबोटीवर चढली,
आणि काचेतून दिसणारे रायबंदरचे दिवे
जवळच येईनात.

बांबोळीला मनगटातून तार घातली.
पडद्यावर नदी, काळी, फाटे फुटलेली;
एका वळणावर पाणी थांबलेलं.
इथे जाळी बसवू, डॉक्टर प्रियोळकर म्हणाल्या.

झोपल्या झोपल्या मला हसू आलं.
पुनवेला, अवसेला मानशीच्या तोंडाला
मीही जाळं लावतो. सुंगटं, शेवटो,
नशीब असलं तर एखादा चोणक.
या जाळीने काहीच धरायचं नाही, त्या म्हणाल्या.
धरलं की संपलं.

तिला औषध माखलंय. महिनोन् महिने झिरपत राहील,
आत काही वाढू देणार नाही.
म्हणजे डिका, मी म्हटलं.
दर मे महिन्यात फळ्या उपसून
काजूच्या टरफलाचं तेल चोपडतो आम्ही,
कालवं बसू नयेत म्हणून.
बाई थांबल्या. मग म्हणाल्या, हो, डिकाच.

आणि डिका संपल्यावर?
तोवर तुमचं मांस तिला आपलं म्हणेल.

चिखलाने सागवानाला आपलं म्हटलेलं
मी अजून पाहिलेलं नाही.

घरी आलो तो गोळ्या घेऊन. रक्त गोठू नये म्हणून.
मार्गशीर्षात दाढ उठली. म्हापशाचा दंतवैद्य म्हणाला,
चार दिवस गोळी बंद ठेवा, मग काढू.
इनासने चिठ्ठी हातातून ओढून घेतली:
आदीं बांबोळें विचार.
त्याच्या भावाने विचारलं नव्हतं.
दाढ अजून तोंडातच आहे. ठणकते.

भरती रोज पाऊण तास पुढे सरकते.
गोळी सरकत नाही. रात्री नऊ म्हणजे नऊ.
घड्याळ न बांधलेल्या या हाताला
आता दोन वेळा सांभाळाव्या लागतात.

काल दोन्ही एकदमच आल्या.
एका हातात जाळ्याचा दोर,
दुसऱ्याने पट्टी फोडली,
आणि गोळी बांधाच्या चिखलात.

पट्टीत अजून नऊ होत्या.
त्यातली एक इनासने सरळ माझ्या जिभेवर ठेवली.
तरी बॅटरी लावून, गुडघ्यांवर बसून,
दोघं म्हातारे कितीतरी वेळ
ती पडलेली शोधत राहिलो.