टॉवेल

चॅपलटाउनमधल्या चर्चच्या मागची खोली,
गुरुवारी संध्याकाळी डॉमिनो.
आमच्यात सोंगटी ठेवत नाहीत, आपटतात.
टेबल हादरलं पाहिजे, शेजारच्याचा चहा सांडला पाहिजे.
सेंट किट्सहून येताना रॅन्सफर्डच्या बापाने
एवढंच आणलं होतं सोबत,
आणि एक पातळ कोट.

लिनव्हल आला फेब्रुवारीत.
दाराजवळच्या खुर्चीत बसला, जाकीट न काढता.
पहिली सोंगटी आपटली
तसा भिंतीला जाऊन चिकटला.

कोणी काही विचारलं नाही.
चौघांपैकी तिघांची दारं
कधी ना कधी पहाटे अशीच वाजलेली.
आधी दार, मग पाठीवर गुडघा, मग सुई,
मग वॉर्डातल्या फळ्यावर
आपलंच नाव, चुकीचं लिहिलेलं.

पुढच्या गुरुवारी एव्हरल्डने टेबलावर टॉवेल अंथरला.
घरचा, पिवळा, कडेचे दोरे सुटलेला.
त्यावर सोंगटी वाजत नाही,
दमलेल्या माणसासारखी नुसती बसते.
‘हा खेळ आहे की मयत?’ रॅन्सफर्ड कुरकुरला.
पण खेळला.

एप्रिलात मी चहाचं निमित्त करून उठलो
आणि परत जागेवर बसलोच नाही.
खुर्ची रिकामी. सात सोंगट्या पालथ्या.
किटली उकळून बंद झाली तरी मी तिच्याकडेच बघत उभा.

‘डबल सहा माझ्याकडे आहे,’
मागून आवाज आला. जाड, गंजलेला.
डबल सहा ज्याच्याकडे, त्याने सुरुवात करायची.

हात खांद्याच्या वर गेला असणार,
कारण खाली आला तेव्हा
टॉवेलातूनही ऐकू आलं:
धप्प.

टॉवेल अजून आहे.
एव्हरल्ड दर बुधवारी धुतो.