लॉट ४१७

मनामाच्या जुन्या बाजारात, अत्तरवाल्याला लागून,
लोकरीचं दुकान. गावी सांगितलं की हसतात.
तिथे म्हणे अंडं फुटतं रस्त्यावर, आणि तू लोकर विकतेस?
विकते. पुष्कळ विकते.
सप्टेंबरात सगळ्यात जास्त:
पार्सलला तीन आठवडे लागतात
आणि तिकडची थंडी कुणासाठी थांबत नाही.

मारिसेल, रात्रपाळीची नर्स, डोंगरावरल्या गावातली,
बहिणीच्या बाळासाठी पिवळी लोकर नेते.
बाळ कधीच चालायला लागलंय,
ती अजून पहिल्या मापाचे मोजे विणते.
पेशावरचा ड्रायव्हर आईनं पाठवलेला धागा दाखवतो
पाकिटात घडी केलेला, बोटभर:
असाच पाहिजे.
असाच कधीच नसतो.
मी जवळचा देते, तो उन्हात नेऊन बघतो,
परत येतो, उगाच पैसे मोजत राहतो.

उम्म हुसैन रंग बघत नाही. मोतीबिंदू.
गुंडी गालाला लावते, मग भाव विचारते,
मग भाव ऐकून गुंडीचा गाल बदलते.

लधाभाई म्हणतात, लॉट नंबर आधी बघ.
एकच निळा, पण दोन कढयांतला,
दुकानात भाऊ वाटतात, अंगावर गेले की भांडतात.
चारशे सतराचा निळा संपला आहे.
संपला म्हणजे संपला. कारखान्यालाही परत जमायचा नाही.

बाबा इचलकरंजीत जॉबर होते.
चोवीस मागांच्या खटखटीत आम्ही झोपायचो,
लाईट गेली की दचकून जाग यायची.
आता त्यांना ऐकू येत नाही.
फोनवर मी बोलत नाही, विणकाम धरते कॅमेऱ्यासमोर,
ते ओठांनी टाके मोजतात
आणि चुकलेल्यावर बोट ठेवतात, तिकडे, काचेवर.

एका शुक्रवारी बस बदलून बनी जमराला गेले.
उस्ताद जाफर खड्ड्यात पाय सोडून बसलेले,
ताणा दारातून बाहेर, खजुराच्या सावलीपर्यंत.
एवढा शांत माग मी पाहिला नव्हता.
त्यांनी धोटा माझ्या हातात दिला.
मी घेईना.
आमच्याकडे धोट्याला हात लावत नाहीत,
शेजारच्या बंडूकाकांची दोन बोटं त्यानंच नेली.
ते म्हणाले, श्वय्या, श्वय्या.
हळू.
मी फेकला. तो मध्येच थांबला, गायीसारखा.
ते हसले, मीही. मग त्यांनी तो हातानं पुढे सरकवला
आणि माझा वाकडा बाणा
फणीनं ठोकून कापडात बसवला. उसवला नाही.

परतीच्या बसमध्ये एसी इतका
की खिडकीला आतून नाही, बाहेरून दव.
पर्समधल्या बांबूच्या सुया काढल्या.
(स्टीलच्या मुंबईला विमानतळावर जमा.
साहेबांना चार टाके घालून दाखवले तरी.)

तर हे खिमानंदचं सांगायचं होतं.
मॉलचा वॉचमन, गुल्मीचा. त्याची खुर्ची
बरोबर छतातल्या झोताखाली, बारा तास.
बाहेर रस्ता वितळतो, हा खोकतो.
दुकानात आला, म्हणाला, दीदी, एक मफलर.
मी विचारलं, कुठे पाठवायचा?
त्यानं मानेवर हात ठेवला.

आठ वर्षांत पहिल्यांदा
कुणी इथल्या थंडीसाठी मागत होतं.
वजनाचा हिशेब नाही, पार्सल नाही,
पोचेपर्यंत वाढलेलं पोर नाही.
मला मापच घेता येईना,
समोर माणूस उभा असताना.

उरलेला चारशे सतरा काढला,
अर्ध्यात संपला. मग चारशे बावीस जोडला.
लधाभाई बघत होते, बोलले नाहीत.

काल मॉलमध्ये मुद्दाम गेले, सरकत्या जिन्यानं,
काही घ्यायचं नव्हतं.
तो दार उघडत होता कुणाकुणासाठी.
हनुवटीच्या खाली, डावीकडे,
जिथे निळा निळ्याला भेटतो
तिथे एक पुसट रेघ.
मलाच दिसते.
त्यानं मला पाहिलं, मफलर नीट केला,
रेघ आत गेली.