अकरा स्क्रू

वारा आत यावा म्हणूनच बांधलेलं हे खोपट.
फळीफळीत बोटभर फट,
वर दांडीला मेंढीच्या तंगड्या, नाताळपर्यंत वाळायच्या,
आणि खाली, चाळीस वर्षं, ह्याल्मारची होंडा.
मटणाला मानवला तो वारा
इंजिनाला भोवला.
ह्वाल्बाच्या खाडीतलं मीठ
एकेका आट्यात जाऊन बसलं.

क्लचच्या झाकणाला अकरा स्क्रू.
स्क्रू पोलादाचे, झाकण ॲल्युमिनियमचं.
दोन धातू, मध्ये मीठ, वरून ओल,
असा संसार म्हटल्यावर
पांढरी भुकटी धरायचीच.

पहिला पाहिला आणि भाऊ ओळखला.
डोक्यावरचं अधिकचं चिन्ह उरलंच नव्हतं,
नुसता खळगा, वाटीसारखा, गुळगुळीत.
एक्क्याऐंशी साली रागारागात आवळलेला असणार,
हाताला लागेल त्या हत्याराने.
जपानी अधिक निराळं असतं रे.
दिसायला तेच, पण उतार वेगळा, तळ वेगळा.
टाचणीच्या टोकाएवढा ठिपका ठेवलाय त्यांनी शेजारी,
बघणाऱ्याने बघावा म्हणून.
तू कधी ठिपके बघितलेस?
बोटीतला माझा वाटा विकलास तेव्हा
कागदावरची माझ्या सहीची कोरी जागा तरी?

असो.
रात्रभर तेल पाजलं. दुसऱ्या रात्रीही.
तिसऱ्या दिवशी बत्तीची निळी जीभ
स्क्रूवर नाही, स्क्रूभोवती फिरवली:
झाकण आधी फुगतं, पोलाद मागून.
तेवढीच फट. तेवढाच वेळ.
सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात,
इथे पीळच जाळायचा होता
आणि सुंभ ठेवायचा होता.

मासळीच्या कारखान्यात एकतीस वर्षं
कॉड माशाचे काटे काढले मी.
सुरी कुठे थांबवायची ते मनगटाला कळतं, मला विचारत नाही.
तशीच धरली हातोडी.
एक ठोका, सरळ डोक्यात. दुसरा.
आणि मग, कोणाला पटणार नाही, पण
सोडवायचा तर आधी आवळायचा.
केसभर. सुलटाच.
त्याला वाटतं, आणखी आत धाडतायत,
तो अंग चोरतो,
आणि मीठ तडकतं.

कट्.

उंदराने फरसाण फोडावं इतका बारीक आवाज.
मी एकटीच हसले. वरच्या तंगड्या हलल्या.

दुसरा निघाला. तिसऱ्याने दोन दिवस खाल्ले.
चौथ्याच्या डोक्यात छिन्नीने नवी खाच पाडली,
पाचव्याला शिव्या दिल्या, सहाव्याला नाही, तरी दोघे निघाले.
सातवा मात्र
पहिल्याच वळणाला अलगद सुटला.
आट्यांना ग्रीस, पिवळं, अजून मऊ.
आठवलं.
ह्याल्मार कॉफी प्यायला घरात गेलेला,
आणि पाना माझ्या हातात.

दहाव्याच्या वेळी उजेड अडला.
दारात तो. टोपी डोक्यावरच. पायात बोटीवरचे बूट.
एकोणीस वर्षांनंतरचा पहिला शब्द:
“तोडशील.”
मी म्हटलं, “दिवा धर.”
धरला. हात कापतो आता त्याचा,
स्क्रूची सावली नाचत होती.
मी त्याच्या मनगटाखाली तेलाचा डबा सरकवला, टेकायला.
दोघं काही बोललो नाही. दहावा निघाला.

अकरावा तुटला.
डोकं टणकन उडून तंगड्यांत कुठेतरी गेलं.
त्याने डोळे मिटले, जणू त्यानेच केलं.
“तुटू दे,” मी म्हटलं, आणि झाकण उचललं.
खाली बोटाच्या पेराएवढी दांडी, उघडी, एकटी.
वरचा ताण गेला की तिला अडून बसायला कारण उरत नाही.
चिमट्यात धरली, फिरवली.
आली.

कॉफीच्या रिकाम्या डब्यात स्क्रू खुळखुळले.
बराच वेळ तो डबा हलवत बसला.
मग म्हणाला, “नवे मागवतो. अकरा.”

“दहा,” मी म्हटलं.
“सातवा धड आहे.”