पासबुकातलं नाव

गणपती उठले की चार-आठ दिवसांत
पासबुकात एक ओळ उमटते:
सुकुमार मगदूम स्मृ
पुढचं यंत्राला मावत नाही.
आणि 'कै.' तर ते छापतच नाही.
म्हणजे विश्रामबागच्या बँकेपुरता
हा मुलगा जिवंत आहे
आणि दरसाल मला सहा हजार पाठवतो.

मी मायाक्का बिरू हाक्के, तालुका जत.
घरी बावीस मेंढरं. आई बेदाण्याच्या शेडवर,
काड्या निवडून बोटं कायम चिकट.
दहावीनंतर 'बास झालं' असं कुणी म्हणालं नाही,
बापू नुसता एसटीचं भाडं
पुन्हा पुन्हा मोजत राहिला.

पहिल्या वर्षी आभाराचं पत्र
ऑफिसातल्या बाईंनी दिलेल्या नमुन्यावरून उतरवलं.
'आपल्या औदार्याने मी कृतकृत्य झाले.'
कृतकृत्य म्हणजे काय, ते मागाहून विचारलं.
दुसऱ्या वर्षी तेच. फक्त तळाशी, जागा उरली म्हणून,
'मेसचे भरून चाळीस रुपये राहिले होते.
त्याची जिलेबी खाल्ली. माफी असावी.'

उत्तर आलं नाही.

तिसऱ्या वर्षी गुणपत्रिका घेऊन
मीच गेले सांगलवाडीला.
नेमगोंडा मगदूम. मार्केट यार्डात
चौतीस वर्षं हळद तोलली,
नखांच्या कडा अजून पिवळ्या.
गुणपत्रिका त्यांनी न बघताच घडी केली.
"वय काय गं तुझं?"
"एकोणीस."
"त्यो सतराला थांबला,"
काट्यावरचा आकडा सांगावा तसं म्हणाले.

मग कॅलेंडरच्या मागून माझी पत्रं काढली.
कृतकृत्य तसंच कोरं.
जिलेबीखाली हिरवी रेघ,
दोनदा ओढलेली, कागद फाटेस्तोवर.
"क्लासच्या पैशातनं त्योबी खायचा.
मारलं हुतं मी. एकदाच."

बराच वेळ पंख्याचा आवाज.
आतून काकूंनी हाक दिली,
दिवस मावळायच्या आत जेवून जा म्हणावं पोरीला.

परतताना आयर्विन पुलावर थांबले जरा.
कृष्णा आपली खालून चाललेली, गढूळ.
मला माघात वीस लागेल.
त्याला सतराच.
म्हणजे नात्यानं मी ताई झाले की काय त्याची,
न विचारता?

यंदाचं पत्र अजून लिहायचंय.
'मा. देणगीदार' खोडलंय,
त्या जागी काय, ते ठरत नाही.
तळाशी मात्र
चार बोटं जागा आधीच सोडून ठेवली आहे.