कॅमेरा भिंतीत अडकतो

मुजीबच्या दुकानात तासाला तीस रुपये.
स्टेशन रोडला, टायरवाल्याच्या वरती,
जिना इतका अरुंद की चढण्याआधी
वर हाक मारून विचारावं लागतं.
ड्यूटी सुटली की मी तिथं जातो
आणि अर्ध्या रक्ताची ती बाई होतो:
आई माणूस, बाप पिशाच्च,
कोपरापासून दोन्ही हातांना पाती.

चांगलं काय, ते आधी.
पाती फिरली की हात खरंच हलका होतो.
तिची उडी. कमानीवरून कमानीवर जाताना
केस क्षणभर मागं राहतात, मग येतात.
ज्यानं हे काढलं त्यानं कुणाला तरी
पळताना नीट पाहिलं असणार.
आणि भूक. जखम झाली तर औषध नाही,
पट्टी नाही, समोरच्याची मान.
ज्याला मारायचं त्याच्यावरच जगायचं,
हा नियम कुणीतरी रात्रभर जागून लिहिलाय.
त्याला माझा सलाम.

आता बाकीचं.
रक्त फार पातळ.
छताला उडतं, खांबावरून ओघळतं,
आणि दुसऱ्या खोलीत जाऊन परत या,
फरशी कोरडी. कुणी पुसली?
आमच्याकडं एक पिशवी फुटली तर
द्वारकाबाई तीनदा ब्लीच मारतात,
तरी फटीत आठवडाभर तपकिरी रेघ राहते.
इथं रक्त गोठत नाही. वास नाही.
गट नाही, कुणाचंही कुणाला चालतं.
अकरा वर्षं ब्लड बँकेत काढलेल्या माणसाला
पिशाच्चापेक्षा हेच जास्त खोटं वाटतं.

शत्रूंचे चेहरे तीनच. टकला, दाढीवाला, टोपवाला.
मरताना तिघंही एकच ओरडतात.
चौथी पातळी म्हणजे तिसरीच, दिवे मालवून.
बाईला कपडे कमी, बोलायला त्याहून कमी.
आणि कॅमेरा. कोपऱ्यात सापडलो की
तो भिंतीत शिरतो. मग नुसतं प्लास्टर दिसतं,
मागून आवाज येत राहतात,
कोण कुणाला कापतंय कळत नाही.

"उन्हात गेली की जळती का हो ही, बाबाराव?"
जळती, म्हणलं.
"मग परभणीचीच हाय."
मे महिना. दुपारचा एक.
आख्खं शहर शटर ओढून अंधारात बसलेलं,
कूलरच्या पाण्याला गंजाचा वास.

परवा रात्री जिंतूरहून एक बाळंतीण आली.
बी निगेटिव्ह. फ्रिजमध्ये एकही पिशवी नाही.
यादीतले चौघं: एक पुण्याला, एकाला कावीळ,
दोघांचे फोन बंद.
मुजीबचा गट मीच एकदा तपासला होता.
शटर वाजवलं. आला तसाच, बनियनवर,
दोन पायांत दोन वेगळ्या चपला.
कॉटवर पडला. मी सुई काढली,
आणि ज्याच्या दुकानात मी आजवर
हजारभर माना फोडल्या असतील
त्यानं तोंड फिरवलं. भिंतीकडं.
"झालं का? झालं का हो?"
पिशवी भरेपर्यंत नुसतं प्लास्टर बघत राहिला.
साडेतीनशे मिली. सात मिनिटं.
खेळात ह्याला दीड सेकंद लागतो.

मग चहा, ग्लुकोजची बिस्किटं.
चार उरली ती पोरीसाठी खिशात घातली.
कुणाला जाणार, विचारलं नाही,
आणि विचारलं असतं तरी आम्ही सांगत नसतो.

दुसऱ्या दिवशी तीस रुपये घेतलेच.
कोपराच्या आत कापसाचा बोळा तसाच चिकटलेला,
"काढ की आता," म्हणलं. "राहू द्या," म्हणला.
पाचव्या पातळीला शेवटचा दरवाजा, मोठा पिशाच्च,
त्याचं थोडंच उरलं होतं, माझंही,
आणि लाईट गेली.
पुन्हा पहिल्यापासून.

मधे कुठंच सेव्ह होत नाही.
हा दोष वर लिहायचा राहिला.