फुटाचा भाव

मी मांडववाला. बाळकुमला गोडाऊन.
सतराशे लाल खुर्च्या, दोनशे कव्हरवाल्या, चार सोफे.
त्यातला एक पांढरा, सोनेरी पायांचा,
फक्त साहेबांसाठी निघतो.
लग्नाला मागितला तर मी म्हणतो, फाटलाय.

परवा ढोकाळीच्या मैदानात त्यांचा वाढदिवस.
दुपारीच पीए भाटकर आले, घामाने यादी ओली,
म्हणाले, दादा, टेप काढा.

सोफ्याच्या पायापासून सहा फूट सोडून सबनीस बिल्डर.
त्यांनी गेल्या वर्षी अँब्युलन्स दिली.
(ती कार्यालयामागे उभी असते. टपावर कबुतरं.)
वह्या वाटणारे नऊ फुटांवर.
मग हंडीचं बक्षीस लावणारे, ते जरा कुरकुरले,
भाटकरांनी फोनवर कुणाशी तरी बोलून
त्यांना दीड फूट पुढे घेतलं.
पुढे दोरी.
दोरीपलीकडे किती फूट, ते मोजायला कुणी सांगितलं नाही.

घोडबंदर रोडला फुटाचा भाव पेपरात येतो.
इथला येत नाही.
पण मी उकिडवा बसून टेप धरलेला माणूस,
मला तोंडपाठ झालाय.

संध्याकाळी पंख्याची वायर खेचत सोफ्यामागे होतो.
सबनीस वाकले. हार घालताना वाकतो तेवढेच,
फक्त हार घालून झाला होता.
म्हणाले, नकाशातला तो खाडीकडचा हिरवा पट्टा, साहेब,
तेवढा पिवळा झाला की...
साहेब म्हणाले, केक घ्या.
सबनीसांनी घेतला.
आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं
की मला वाटलं, केक खरंच चांगला असणार.

माझं सांगायचं तर दोन वर्षांची बिलं थकलीत.
भाटकर म्हणाले, स्मरणिकेत अर्धं पान टाका,
गाठ घालून देतो.
अकरा हजार. हात जोडलेला माझा फोटो,
खाली ‘शुभेच्छुक’, त्यातला उकार चुकलेला.
रात्री साडेनऊला भाटकरांनी कोपराने ढकललं
आणि मी पोचलो. शून्य फूट.
त्यांच्या अत्तराचा वास येईल इतका.
आठवडाभर घोकलेलं वाक्य होतं,
तारखांसकट, रकमेसकट.
तोंडातून निघालं,
साहेब, सोफा बरा आहे ना?
ते हसले. खांद्यावर थाप मारली.
घरी येईपर्यंत हिशेब करत होतो,
मारली म्हणजे नेमकी कोणती थाप.

चांगूबाई भोईर कोलशेतहून आलेली,
खाडीत तिच्या जाळ्याचे खुंट आहेत त्याच पट्ट्याला लागून.
तिने पिशवीतून चिंबोऱ्या आणल्या होत्या,
सुतळीने नांग्या बांधून, एकेक.
दोरीपाशी पोराने पिशवी घेतली,
वजन बघितलं, आत पाठवली.
चिंबोऱ्या आत गेल्या.
ती नाही.

बाराला आम्ही खुर्च्या घालायला लागलो,
एकीत एक, एकीत एक,
कव्हरं काढली की सगळ्या सारख्याच निघतात,
पण हे मी पोरांना सांगत नाही, कामं राहतात.
एक लाल खुर्ची रिकामी होईना.
म्हटलं, मावशी, संपलं. साहेब कधीच गेले.
ती उठली, पदराने खुर्ची पुसली,
जणू तिनेच भाड्याने आणलेली.
जाता जाता वळून म्हणाली,
“जित्या हान त्या. सांग सायबाला,
दोरी सोरताना जपून.”

माझ्या हातात तेव्हा दुसरीच दोरी होती,
अर्धी गुंडाळलेली.